आरतीच्या वेळची घोरपड

कातळवण्याच्या शाळेतली पोरं सुट्टी झाली तरी घरी जात नसत. चारची घंटा व्हायची, दप्तरं भरली जायची, आणि अठराच्या अठरा जण पुन्हा येऊन चौरंगाभोवती बसायचे. चौरंगावर पुस्तक असायचं, एकतिसाव्या पानावर उघडलेलं. पान कोरं.

“गप ऱ्हवा रे,” आठ वर्षांची कृपा मेस्त्री सगळ्यांना दटावायची. “बोललास तर ती येवची नाय.”

उन्हं उतरायची. शाळेच्या भिंतीला लागूनच देऊळ. तिथे आरती सुरू व्हायची, आधी झांजा, मग घुमटावरची थाप. आणि दोन मिनिटांनी कोऱ्या पानात एक डोळा उघडायचा. नुसता डोळा. मग त्याच्या भोवतीने मान, खरबरीत पाठ, कातळात रुतलेली नखं. आरती संपता संपता घोरपड पुरी व्हायची. खोबऱ्याचा प्रसाद वाटून होईतो ती पानावर असायची आणि मग पुसट होत होत निघून जायची. शेवटपर्यंत डोळा तेवढा उरायचा. तोही मिटला की पोरं उठायची, एकमेकांना न ढकलता, देवळातून बाहेर पडल्यासारखी.

पानाखाली शालनने लिहिलेली ओवी होती:

काळ्या कातळाच्या भेगी, कोण गं राहते
घोरपड बाई माझी, ऊन अंगी घेते

शालन गवस ही शाळेची चित्रबाई. आता प्रत्येक गावाला एक चित्रबाई असते आणि प्रत्येक शाळेला तिचं स्वतःचं पुस्तक. पूर्वी सगळ्या राज्यातली मुलं एकाच पुस्तकातून सिंह आणि जिराफ शिकत, आणि अंगणातला पक्षी कोणता ते त्यांना सांगता येत नसे. म्हणून ही पुस्तकं आली. त्यामागचं शास्त्र तसं साधं. प्रत्येक जीव स्वतःला हवेत सांडत असतो: कातडीचा कोंडा, केसाचं टोक, पिसाची धूळ, श्वासातला ओलावा. त्यातल्या कणाकणात त्या जिवाचा डीएनए असतो, म्हणजे त्याची पुरी कुंडली. शाळेच्या छपरावरची पेटी मिनिटाला बादलीभर हवा ओढते, गाळते, गाळात सापडलेले डीएनएचे तुकडे वाचते आणि साठवणीतल्या कुंडल्यांशी ताडून बघते. जात कळते, नर की मादी ते कळतं, कालचाच जीव आज पुन्हा आला तर तेही कळतं. शंभर-दीडशे पावलांतलं काही सुटत नाही. आणि पुस्तकाची पानं दिसायला कागद असली तरी त्यांच्या पोटात रंगाचे बारीक कण असतात, विजेच्या इशाऱ्याने वर येणारे आणि खाली बसणारे. चाहूल जितकी दाट, तितकं चित्र गडद. चित्रं मात्र माणसाने काढलेली, कारण मुलं यंत्राच्या चित्राकडे दोनदा बघत नाहीत, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

दरवर्षी चित्रबाईने तपासणीच्या कागदावर प्रत्येक पानापुढे सही करायची असते. पेटीने ओळखलं आणि मी खूण पाहिली, जीव जिवंत आहे, अशी. ही सही कायद्याला धरून असते. पुस्तकात संरक्षित प्राणी जिवंत असेल, तर त्या गावच्या हद्दीत खाण उघडता येत नाही.

आणि कातळवण्याचा सडा चिऱ्याच्या खाणीला हवा होता. मैलभर पसरलेला तो काळा कातळ, पावसात फुलांनी भरणारा, गावाच्या सगळ्या झऱ्यांना वरून पाणी पुरवणारा. सात वर्षं तो वाचला होता तो एकतिसाव्या पानावर.

पेटी बसवली तो दिवस शालनला आठवत होता. गावात नवी वस्तू आली की तिची पूजा होते. मोटरसायकलची होते, पिठाच्या चक्कीची होते, तशी पेटीचीही झाली. हळदकुंकू, जास्वंदीचं फूल, नारळ. आरती म्हणायला सगळा गाव छपराखाली उभा, आणि शालनचे वडील भिवा गवस पेटीच्या तोंडाशी उभे राहून घुमट वाजवत होते. त्याच संध्याकाळी पुस्तकात पहिली नोंद पडली. घोरपड. मादी. एक.

गाव नाचला होता.

*

“बाई, हिका पिल्लां कधी होतली?” कृपाने एकदा विचारलं.

“होतील की.”

“सात वर्सां झाली. मुंगसाच्या पानावर बघा, दोन होते, आता नऊ. ही आपली एकटीच.”

“आणि म्हातारी पण होयत नाय,” मागून कुणीतरी म्हणालं.

“तुझ्या आजयेसारखी!” हशा झाला.

कृपा हसली नाही. “बाई, मुंगूस येता तेवा आधी फिकट दिसता, मग जवळ इला की गडद. जाताना परत फिकट. म्हणजे ता चलता. ही चलत नाय. एकदम आरतीत बसलेलीच असता. जाताना पण जायत नाय, विझता.”

शालनने खिडकीबाहेर पाहिलं. सड्यावर उन्हाची लाट थरथरत होती आणि त्या सगळ्या उजेडात काही म्हणजे काही हलत नव्हतं.

“घोरपड लाजाळू असते,” ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. आयुष्याच्या शेहेचाळीस वर्षांत तिने एकदाही जिवंत घोरपड पाहिलेली नव्हती. खूण म्हणून पहिल्या वर्षी चिखलात एक खरडलेली रेघ पाहिली होती, आणि पेटी म्हणतेय म्हणजे असेल, असं म्हणून सही केली होती. दुसऱ्या वर्षीपासून रेघही शोधली नव्हती.

*

पुढच्या रविवारी पोरांना तिने आपल्या घरी बोलावलं. ती त्यांना ठसे घ्यायला शिकवायची. वस्तूवर पातळ कागद धरायचा, पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायची. खालचा पोत आपसूक कागदावर येतो. कुणी फणसाच्या सालीचा घेतला, कुणी पायरीच्या चिऱ्याचा, एकाने शेजाऱ्याच्या टकलाचा घ्यायचा प्रयत्न करून धपाटा खाल्ला.

कृपा ओसरीवर होती. रोज आरतीला वाजायचं ते खुंटीवरचं घुमट आबांनी, शालनच्या वडिलांनी, तिला मांडीवर काढून दिलं होतं. मातीचं मडकं, एका तोंडावर ताणून बसवलेलं कातडं. तिचा ठसा झाला, मग बाकीच्यांनाही तोच हवासा झाला. रांग लागली. अठरा जणांनी कातड्यावर कागद धरले, तळहात फिरवले, बोटं वाजवून पाहिली. आबा कौतुकाने बघत होते.

कृपा मात्र आपला कागद घेऊन अंगणात आली. तिने तो शालनच्या पुढ्यात ठेवला आणि दप्तरातून आपली वही काढली. वहीत तिने एकतिसावं पान हुबेहूब उतरवलेलं होतं.

“बाई, ह्याच ता.”

बारीक मणी ओवल्यासारखी खवल्यांची रांग. मधे एका ठिकाणी रांग तुटलेली, तिथे तिरपा व्रण. दोन्हीकडे.

शालनला आधी हसूच आलं. असणारच. जिवंत घोरपड मिळाली नाही म्हणून चित्र काढताना तिने घुमटावरचं घोरपडीचं कातडंच समोर ठेवलं होतं. तो व्रणही तसाच उतरवला होता, खऱ्यासारखं वाटावं म्हणून. ती तसं सांगणार होती.

तिने चित्र या कातड्यावरून काढलं होतं. पेटीने कशावरून ओळखलं?

हे कातडं कमावलेलं नव्हतं. ओलं असताना ताणायचं, उन्हात सुकवायचं, झालं. थापेसरशी त्यातून दिसेल न दिसेल अशी धूळ उडते. रोज दिवेलागणीला, पेटीपासून वीस पावलांवर. मादी. एक. सात वर्षं तीच.

पेटीला मेलेलं आणि जिवंत यातलं काही कळत नव्हतं.

“बाई, तुमका थंडी वाजता?” कृपाने विचारलं.

*

पोरं गेल्यावर ती ओसरीवर आली. आबा घुमट पुसत होते.

“आबा, तुका म्हायत होता?”

त्यांनी हात थांबवला नाही. “पूजेच्याच दिवशी कळला. मी वाजवूक लागलंय आणि ती दिसली. सड्यार घोरपड नाय ता माझ्यापेक्षा जास्त कोणाक म्हायत?”

“म्हणजे?”

“शेवटची मीच मारलंय.” ते सरळ बोलत होते, जणू कधीतरी कुणी विचारील म्हणून वाक्य तयार ठेवलेलं होतं. “तू होवच्या आधी. घुमट मढवूचा होता. भेगेत घट्ट धरून बसली होती, ओढून काढलंय. तो व्रण माझ्या कोयत्याचो. पोटात अंडी होती तिच्या, चौदा. तेवा काय वाटाक नाय. दुसरी गावतली, असाच वाटला. मग दुसरी गावली नाय. धा वर्सां शोधलंय, मारूक नाय, नुसती बघूक.”

“आणि माका सांगाक नाय.”

“काय सांगू?” आता त्यांचा हात थांबला. “रोज सांजेक मी वाजवतंय आणि ती डोळो उघडता. पोरां तिका बघतत. सडो वाचता. मेलेला माणूस परत येयत नाय, बाय. ही येता. आणि मी बंद करू?”

शालन ओसरीच्या कडेला बसली. तिने त्या कातड्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांच्या थापांनी ते मधे काळंभोर, गुळगुळीत झालं होतं, आणि आबांच्या तळहाताला त्याच मापाचा घट्टा होता.

“गुरुवारी तपासणी आहे,” ती म्हणाली. “यंदा सही करायला अधिकारी समोर असणार. उद्यापासून वाजवू नको. तीन दिवस.”

“आणि मग?”

“मग पेटीच सांगेल काय ते.”

हे बोलताना आपण काय करतोय ते तिला कळत होतं. पान कोरं राहील, पेटी नाही म्हणेल, आणि कुणाच्याही तोंडावर आपल्याला काही म्हणावं लागणार नाही.

तीन संध्याकाळी देवळात नुसत्या झांजा वाजल्या. तीन संध्याकाळी शालन एकटी पुस्तकापाशी बसली, पोरांना तिने घरी घालवलं होतं. पानावर डोळा उघडला नाही. गावात कुजबुज सुरू झाली. सरपंच राऊळकाकी दारात येऊन म्हणाल्या, “भिवाभाऊंचो हात दुखता म्हणे. गुरुवारी तरी बरो असांदे हां, शालन. सगळ्यांका पाणी लागता.” म्हणजे त्यांनाही माहीत होतं. शालनच्या मनात आलं, पोरं सोडून कुणाला माहीत नव्हतं?

*

गुरुवारी अकराला रेवणकर नावाचे अधिकारी आले. दमलेला, सभ्य माणूस. चहा घेताना बशीत सांडला तर स्वतःच पुसला. वर्गात मुलं, दाराशी गाव, कोपऱ्यात आबा.

“एकतिसावं तेवढं बघू,” ते म्हणाले. “बाकीची तुमची नेहमीची.”

शालनने पान उघडलं. कोरं. तिने श्वास सोडला.

आणि डोळा उघडला.

भर उजेडात, अकरा वाजून गेल्यावर, कुठेही घुमट वाजत नसताना. मान आली, पाठ आली, नखं आली. कधीच नव्हती इतकी गडद झाली. पानातून उठून चौरंगावर येईल अशी. कुणी टाळी वाजवली. राऊळकाकींनी हात जोडले.

पोरं ओरडली नाहीत. ती पुढे वाकून बघत होती, अठरा जोड्या तळहात चौरंगाच्या कडेला टेकवलेले. शालनने त्या हातांकडे पाहिलं. रविवारी या हातांनी कातडं चोळलं होतं. तेच ठसे या पोरांनी दप्तरात, वह्यांत, उशाशी ठेवले होते. आता घोरपडीला आरतीची गरज उरली नव्हती. ती पोरांबरोबर शाळेत येत होती; दिवसा ते पान कुणी उघडलंच नव्हतं.

“उत्तम,” रेवणकर म्हणाले आणि पेन पुढे केलं.

“ही जिवंत नाही,” शालन म्हणाली.

छपरावरच्या पेटीची घरघर ऐकू आली.

रेवणकरांनी तिला हळूच खिडकीपाशी नेलं. “बाई, माझ्याकडे एकशे बारा पुस्तकं आहेत,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “एका गावात वाघ आहे. देवघरातल्या नखात. एका गावात सांबरांचा कळप आहे, पाटलांच्या माडीवर, भिंतीला शिंगं टांगलेली. मी विचारत नाही. पुस्तकं भरलेली आहेत, डोंगर उभे आहेत, मुलं खूश आहेत. तुम्हाला काय नडलंय?”

“त्यांची चित्रं मुलं बघतात?”

“रोज.”

“आणि जंगलात कुणी जातं?”

रेवणकरांनी खिडकीबाहेर सड्याकडे पाहिलं.

“कातड्यावर भागायला लागलं की जनावराची वाट कोण बघणार, साहेब?” ती म्हणाली. “सड्यावर उद्या खरी घोरपड आली, तर ती आमच्या कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. आमच्याकडे आहे ना आधीच.”

“सही केली नाहीत तर पावसाळ्याआधी सड्याची मोजणी लागेल. हे माझ्या हातात नाही.”

“माहीत आहे.”

ती वर्गाकडे वळली. अठरा चेहरे. यांना तिने पक्ष्याचं घरटं लांबून बघायला शिकवलं होतं, न दिसलेलं दिसलं म्हणायचं नाही हे शिकवलं होतं.

“चला,” ती म्हणाली. “सगळ्यांनी हात धुवायचे. कोपरापर्यंत.”

कुणी हललं नाही. त्यांना कळलं होतं.

तेव्हा कोपऱ्यातून आबा उठले. बाहेर जाऊन त्यांनी बादली भरली, तांब्या घेतला, आणि पायरीवर उभे राहिले. “येवा रे,” ते म्हणाले. “हात फुडे करा.”

एकेक जण पुढे गेला. जेवल्यावर पाहुण्यांच्या हातावर घालावं तसं आबा पाणी घालत होते, धार बारीक, न सांडता. साबण फिरत होता. वह्यांतले ठसे राऊळकाकींनी गोळा करून लांब नेले. त्यांचं तोंड रागाने लाल होतं, पण नेले. आत पानावर नखं गेली. पाठ फिकटली. शेवटी कृपा उरली, दोन्ही मुठी परकराच्या घडीत दाबून.

“नको आजोबा. धुतला की ती मरतली.”

आबा तिच्यापुढे उकिडवे बसले. “ती कधीच मेली, चेडवा. मीच मारलंय. तुझ्या हातान काय होवचा नाय.”

कृपाने त्यांच्याकडे पाहिलं. मग मुठी उघडल्या.

दोन मिनिटं गेली, चार गेली. पान कोरं होईना. फिकट, पण अख्खी, घोरपड तिथेच होती.

“आजोबा,” कृपा म्हणाली, “तुमचे हात.”

आबांनी हात धुतले. साबणाने, मग राखेने, मग काथ्याने घासून. चामडी लाल झाली. घोरपड जागची हलली नाही. पन्नास वर्षांची धूळ होती ती. घट्ट्यात, नखांत, सदऱ्यात, श्वासात.

“माझ्यातसून ती निघूची नाय,” ते शेवटी म्हणाले, काहीसे लाजून, जणू वर्गात खोडी करताना सापडले होते. “मीच जातंय.” तांब्या खाली ठेवला आणि फाटकाबाहेर पडून पाणंदीने चालू लागले.

पंचवीस पावलांवर त्यांनी न वळता विचारलं, “आसा ती पानार?”

शालनने पान पाहिलं. “आसा.”

काजूच्या झाडांपाशी गेल्यावर, “आसा?”

“आसा.” डोळा आणि मानेची एक रेघ.

ते वळणाआड गेले. पान कोरं झालं. शालनने पेन घेतलं आणि तपासणीच्या कागदावर एकतिसाव्या पानापुढे लिहिलं: आढळली नाही. सही केली, तारीख घातली. रेवणकरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. गावातलं कुणी तिच्याकडे बघेना.

वळणामागून आवाज आला, आता लांबचा. “आसा?”

पान कोरं होतं, पण घोरपड गेली असं शालनला त्यांना सांगवेना. “आसा!” ती ओरडली.

मग आणखी लांबून, वाऱ्यात अर्धा विरलेला. “आसा?”

“आसा!”

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती ‘आसा’ म्हणत राहील तोवर म्हातारा चालतच राहणार होता. पाणंद जाईल तिथवर, मग सड्यावरून पुढे, मागे न बघता.

तिच्या बाजूने कृपा सुटली. ओल्या हातांनी फाटक ढकललं, काजूंपर्यंत धावत गेली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, “आजोबा! गेली ती! गेली! येवा परत!”

पलीकडून काहीच आलं नाही. ना आवाज, ना पाऊल. कृपा तिथेच उभी राहिली. वर्गात सगळे पानाकडे बघत बसले, श्वास धरून, गाव आणि पोरं आणि उठायला निघालेले रेवणकरसुद्धा. कोरं. कोरं. कोरं.

मग पानाच्या अगदी मधोमध, पाण्यात शाईचा थेंब पडावा तसा डोळ्याचा एक ठिपका उमटला, आणि शालन उठून दारात गेली, वडील परत येताना दिसतील म्हणून.